परातीतलं पाणी

मी दुसऱ्यांच्या आया लिहिते. आया, बाप, आजोबा, पहिली सायकल, घरात आलेला पहिला फ्रीज, ज्याला जे हवं असेल ते. वीस-बावीस वर्षं हेच चाललंय. कोल्हापुरात कुठल्याही सत्काराला जा, निवेदकानं घसा साफ करून मानपत्र वाचायला घेतलं की त्यातली चार वाक्यं माझी निघायची शक्यता आहे. चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘गोरगरिबांचा आधारवड’ असं लिहिलेलं असतं ना, त्यातल्या बऱ्याच वडांना मीच पाणी घातलंय.

नाव कुठंच नाही. ते आधीच ठरलेलं असतं आणि त्याबद्दल माझं कधी काही म्हणणं नव्हतं. आत्ता जे म्हणणं आहे ते वेगळं आहे. ते ऐकून घ्यायला कुणी तयार नाही, म्हणून ही परात पुढ्यात घेऊन बसलेय.

पितळेची परात. एका बाजूला पोचा आलेला, काठ घासून घासून पातळ झालेला. आई आता तिच्यात वाटाणे सोलते. एरवी ती तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत भिंतीला टेकून उभी असते. काल संध्याकाळी हुपरीहून परत आले आणि चप्पलसुद्धा न काढता आधी तिच्यात नाक घातलं. वाटाण्याचा वास आला. रिठ्याचा नाही. चाळीस वर्षांनी रिठ्याचा वास कुठून यायचा? तरी मला राग आला.

हुपरीत आमची एकच खोली होती. वडील नव्हते. का नव्हते, ते इथं नको. दारातून जेवढा उजेड आत यायचा तेवढ्यात आईची बसायची जागा. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर चिमटा, कानस, फुंकणी आणि तेलाचा दिवा. गल्लीला काम देणारे चांदीचे व्यापारी अण्णा, त्यांच्या घरून चांदी वजन करून यायची आणि पैंजण होऊन वजन करूनच परत जायची. आई कड्या जोडायची, दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी मारून घुंगरांचे सांधे डाख देऊन पक्के करायची. डाख देताना टाकणखार फुगून पांढरा व्हायचा आणि मग एकदम काचेसारखा बसायचा. तेजाबाचा वास घशात जाऊन बसायचा तो जेवतानाही उठायचा नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरातून ठकठक यायची, पण प्रत्येक घराची वेगळी. शाळेतून येताना मी डोळे मिटून चालायची पैज लावायचे आणि आमच्या दारात बरोबर थांबायचे.

मी आईच्या मांडीला पाठ लावून बसायचे. पुड्यांचे कागद वाचायचे. किराणाच्या पुडीचा कागद, अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, कुणाच्या तरी निधनाच्या निवेदनाचा खालचा तुकडा. वरचा तुकडा मी मनानं रचायचे आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ती ‘आरं देवा’ म्हणायची. कागदावर नव्हतंच ते, हे तिला कळायचं की नाही कुणास ठाऊक.

आई कानस चालवायला लागली की चांदीचा कीस उडायचा. तो डोळ्यांना दिसायचा नाही, पण असायचा सगळीकडं. उठताना आई पदर पाटावर झटकायची, मग चोळीच्या बाह्या, मग मला उभं करून माझा परकर. हात धुतलेलं पाणी मोरीत जायचं नाही, घागरीत जमा व्हायचं. आणि माल पोचवायच्या आदल्या दिवशी माझे केस.

ही परात खोलीच्या मधोमध यायची. रिठे सकाळीच फोडून भिजत घातलेले असायचे. त्याच रिठ्यानं पैंजण धुवायचे आणि त्याच रिठ्यानं माझं डोकं, म्हणून आमच्याकडं बायकांच्या पायाला आणि पोरींच्या केसांना एकच वास. मी मान खाली घालून परातीवर वाकायचे. केस पुढं पडायचे. आईच्या बोटांना भाजल्याचे खडबडीत डाग होते, ते डोक्याला लागायचे. ती फणीनं केस विंचरत विंचरत पाणी निथळू द्यायची, पाणी करडं व्हायचं. मी ओरडायचे, ‘आई, डोळ्यात गेलं!’

‘जाऊ दे. डोळ्यात गेल्यालं मागारी येतंय. मोरीत गेल्यालं येत न्हाय.’

रात्रभर परात झाकून ठेवायची. सकाळी वरचं पाणी हळूहळू ओतून द्यायचं, तळाशी चिमूटभर चिखल. तो कागदावर वाळवायचा आणि त्याची पुडी करायची. ही पुडी पैंजणांबरोबर अण्णांच्या घरी जायची. मी एकदा विचारलं होतं, एवढ्याशा चिमटीनं त्यांचं काय होणार? आई म्हणाली, ‘त्येंची हाय न्हवं? मग त्येंच्याकडंच जायाची. आपल्या केसात र्‍हायाची न्हाय.’

अण्णांची आई दारातल्या कट्ट्यावर बसलेली असायची. सगळे तिला अव्वा म्हणायचे. आईनं पहिल्यांदा पुडी पुढं केली तेव्हा अव्वानं विचारलं, ‘हे काय?’

‘पोरीच्या डोक्यातलं हाय.’

अव्वा हसली. आणि पुडी घेतली. अण्णा तेव्हा ऐन उमेदीतले, वजनकाट्यापाशी बसलेले. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. पुढं दर खेपेला पुडी गेली आणि दर खेपेला ‘ठेव तितं’ एवढंच.

एवढंच होतं आईकडं स्वतःचं म्हणावं असं. दागिना नाही, जमीन नाही, फोटोसुद्धा एकच. पण चिमूटभर चांदी तिनं परत केली, पोरीच्या केसातून काढून परत केली, हे तिचं होतं. ती कधी कुणाला सांगायची नाही, पण ताठ बसायची त्याच्या जोरावर. आणि त्याचं मी काय केलं ते आता ऐका.

कॉलेज झाल्यावर मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात जाऊन बसायला लागले. दुकानदाराला सगळे मामा म्हणायचे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, फ्लेक्स. मजकूर लिहून देणारं कुणी हवंच असायचं. पहिलं काम मंगलाष्टकांचं. पाच कडव्यांत दोन्हीकडची तेवीस नावं बसवायची होती. बावीस बसली. नवऱ्यामुलाच्या थोरल्या आत्याचं नाव राहिलं आणि तिचे मालक भर मांडवात अक्षता मुठीत घेऊन उभे राहिले, ‘नाव आल्याबिगर अक्षता पडणार न्हाईत!’ मी तिथंच कोपऱ्यात पत्रिकेच्या पाठीवर सहावं कडवं लिहिलं. भटजींनी गायलं. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आपण कोण झालो! तो हळदीचा, घामाचा आणि भिजल्या फुलांचा वास अजून आला की मला पंचविशीतली मी आठवते आणि दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात तिला.

कारण मग मामांनी मला धंद्याची खरी गोष्ट शिकवली. लोक आत्मचरित्र लिहून घ्यायला यायचे आणि समोर बसून काहीच सांगायचे नाहीत. जन्म अमुक गावी, शिक्षण अमुक, की संपलं. मामा म्हणाले, ‘पावणं सोताचं कायबी सांगत न्हाईत. आपण लिवायचं, वाचून दाखवायचं, आन् म्हणायचं, तुम्हीच बोलला हुता की. झालं. पुन्यांदा इचारत न्हाय कोण.’

तुम्हीच बोलला होता. या तीन शब्दांवर माझी चूल पेटली. माणूस क्षणभर गोंधळायचा, मग मान हलवायचा, मग म्हणायचा, ‘व्हय व्हय, बोललोतो.’ आणि भरायला मी आणणार कुठून? माझ्याच घरातून. पावसात भिजून फुगलेली माझी पुठ्ठ्याची पाटी एका मुख्याध्यापकांना गेली. माझा गोवर एका डॉक्टरांना. बाजारात हरवून एका भांडीवाल्याच्या दुकानात मी रडत बसले होते, ते रडणं एका नगरसेवकांना. काही वाटलं नाही. उलट मजा यायची. बालपण काय, पडूनच होतं.

अण्णांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. पोरांनी ठरवलं, पुस्तक काढायचं. त्यांनी मला बोलावलं ते ‘आपल्याच गावची’ म्हणून. मी कुणाची मुलगी हे अण्णांना आठवत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. सोळा बैठका झाल्या. पहिलं मशीन कधी घेतलं, राजकोटला माल कसा गेला, कोण मंत्री घरी जेवून गेला, सगळं बोलले. मी म्हटलं, ‘अण्णा, अव्वांबद्दल सांगा.’  ते म्हणाले, ‘चांगली हुती की. भाकरी चांगली करायची.’

आईचं प्रकरण आणि त्यात एक ओळ! छापखान्याचा तगादा, पोरांचे फोन. एका दुपारी जेवून उठले आणि वीस मिनिटांत लिहून टाकलं. धंदा वाढायच्या आधीचे गरिबीचे दिवस, पाट, कानस, परात, केसात अडकलेला चांदीचा कीस, दुसऱ्याची चांदी परत करणारी आई. सगळं आमच्या खोलीतलं. फक्त ‘आई’ होतं तिथं ‘अव्वा’ केलं आणि माझ्या लांब केसांच्या जागी अण्णांची शेंडी ठेवली.  सांगायला लाज वाटते, पण फार चांगलं जमलंय म्हणून मी स्वतःसाठी कपभर चहा करून प्यायले.

वाचून दाखवलं तेव्हा अण्णा रडले. मोठा माणूस, खांदे हलत होते. म्हणाले, ‘हे तुला कुणी सांगितलं?’

मी म्हटलं, ‘तुम्हीच बोलला होता.’

पुस्तक निघालं आणि तेवढं एकच पान लोकांना आवडलं. बाकीची दोनशे पानं कुणी उघडली नसतील. शाळांच्या हस्तलिखितात ते आलं, फ्लेक्सवर आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याच जिन्यात आलं. खालच्या मजल्यावरची मुलगी वक्तृत्व स्पर्धेचं पाठांतर करत होती. जिन्यात आवाज घुमतो म्हणून ती तिथंच उभी राहायची. ‘माझ्या अव्वानं मला परातीवर वाकवलं...’ दार उघडं होतं. आई लसूण सोलत होती. मी आत होते, सगळं ऐकत होते, आणि बाहेर यायची माझी छाती झाली नाही.

  तिसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, ‘माझी परात त्येंच्या घरात कशी गेली गं?’

मी म्हटलं, काम होतं आई. लिहावं लागतं असं.

‘काम व्हय,’ ती म्हणाली आणि ताटात पाणी ओतून उठली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. आमची आई ओरडली की तिन्ही मजले ऐकतात. पण ती या गोष्टीवर पुन्हा बोललीच नाही, आणि तेव्हापासून ती थोडी वाकून बसते असं मला वाटतं. वय झालंय, ऐंशी पुरी झाली, सगळेच म्हणतात वयानं. मला माहिती आहे कशानं.

मग मी ठरवलं, आपल्या नावानं लिहायचं. खरं लिहायचं, आईच्या नावासकट. लिहिलं आणि एका मासिकाला पाठवलं. संपादकांचा फोन आला. फार मऊ बोलले, तेच जास्त लागलं. ‘लेखन छान आहे, पण तो परातीचा प्रसंग एका आत्मचरित्रात आधीच आलाय. तेवढा काढा, नाहीतर लोक उचललंय म्हणतील.’ उचललंय! माझ्या डोक्यातला कीस, माझ्या आईची परात, आणि चोर मी! फोन ठेवल्यावर मी भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजला, दुसरं काही झालं नाही.

आणि आता दुसरी आवृत्ती. गेल्या आठवड्यात अण्णांचा स्वतःचा फोन. ‘प्रूफं बघालीस न्हवं? त्या अव्वाच्या पानात जरा भर घाल. थंडीचं दिवस हुतं, पाणी गार हुतं, मी कुडकुडत हुतो. ते र्‍हायलंय बग.’

भर घाल! काल सकाळची पहिली बस धरली आणि हुपरीला गेले. आमच्या गल्लीत आता ठकठक नाही. मशीनची घरघर आहे, ती सगळ्या घरांची एकसारखी. डोळे मिटून चालले असते तर आमचं दार सापडलं नसतं. खोलीच्या जागी खोक्यांचं गोडाऊन झालंय. तिथं दोन मिनिटं उभी राहिले तर एक बाई म्हणाली, ‘कोण पायजे, पावणं?’

अण्णा खाटेवर बसलेले. खूप बारीक झालेत. मी पाणीही न पिता सांगितलं, ‘अण्णा, ते पान तुमच्या अव्वांचं नाही. माझ्या आईचं आहे. ती तुमच्याकडं कड्या जोडायची. पुडी आणून द्यायची ती आमची होती. तुम्ही काट्यापाशी असायचा.’

 अण्णा हसले. ‘येडी का खुळी तू? मला आठवतंय की! हितं,’ त्यांनी मानेवर मागं हात ठेवला, ‘हितं अजून लागतंय ते पाणी. गार गार.’

‘ते मी लिहिलंय, अण्णा. तुम्ही काही बोलला नव्हता.’

‘तूच म्हणालीस की, मी बोललो म्हणून.’

 मी म्हटलं, खोटं बोलले. ते म्हणाले, ‘तुझी आईबी करत असंल. समद्याच करायच्या तवा. पर गार पाणी माझ्या डोक्यावर पडलंय. तुला ठावं हाय का, कसं हुतं पाणी?’

आणि मला सांगता येईना. रिठा आठवत होता, फणी आठवत होती, आईची बोटं, करडा रंग, सगळं. पाणी गार की ऊन, आठवेना. वीस-बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय, काय वाटलं होतं तेव्हा, नीट आठवा. आणि मला स्वतःच्या मानेवरचं पाणी आठवेना! त्या माणसानं चोरलं असतं तर भांडून परत आणलं असतं. पण म्हातारा मानेवर हात ठेवून खरंच काकडत होता. मीच दिलं होतं त्याला. मला इतका राग आला की निघताना अण्णांच्या पायाही पडले नाही.

घरी आले, परातीत नाक घातलं, ते वर सांगितलंच. आई आली, माझ्या हातातून परात काढून घेतली आणि वाटाणे घेऊन बसली.

‘कुठं गेलतीस?’

‘हुपरीला. अण्णांकडं.’

तिचा हात थांबला नाही. ‘काय म्हणाला?’

‘तुझं परत मागायला गेले होते. देत नाहीत. त्यांना आठवतंय म्हणतात. थंडीचे दिवस होते, पाणी गार होतं, तेही लिही म्हणतात.’

आता थांबला. ‘गार?’

‘हो.’

‘कोण म्हणतंय गार?’ आणि आमची आई दोन वर्षांनी पहिल्यांदा ओरडली. ‘पोरीच्या डोक्यावर मी गार पाणी वतीन? आगं, सकाळच्या च्याला जळाण नसायचं, पर त्या पाण्याला मी चार काटक्या बाजूला ठेवायची! कोपर बुडवून बघायची, पोळंल म्हून! गार म्हणं! चांदी त्येंची हुती, ती त्येंला दिली. ऊन पाणी कुणासाठनं हुतं? त्येंच्यासाठनं?’

वाटाणे बाल्कनीभर उडाले. खालच्या मजल्यावरचा टीव्ही कुणीतरी बारीक केला.

मी म्हटलं, ‘आई, मी ते पानच काढून टाकते. प्रूफं माझ्याकडंच आहेत.’

‘काडू नगंस.’ ती एक एक वाटाणा गोळा करायला लागली, पण पाठ ताठ होती. ‘त्येनं सांगितलंय तसंच लिव. गार लिव. त्येंच्या आईचं गार असू दे.’

आज सकाळी प्रूफं पाठवून दिली. त्या पानावर नवीन वाक्य घातलंय, ‘थंडीचे दिवस होते आणि पाणी गार होतं.’ अण्णांची भाषा, त्यांचा शब्द, त्यांची आई. छापा म्हणावं लाख प्रती.

मग ही वही काढली, परात पुढ्यात घेतली. ज्यांना वाटेल त्यांनी म्हणावं, उचललंय. आमचं पाणी ऊन होतं. आईनं आधी कोपर बुडवून बघितलं होतं.